पावती २००० ची, नेवऱ्या दुसऱ्याच्या

मा. संपादक,

गणेशचवथ झाली, गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरवली, आता निवांत लिहितोय. आमच्या फोंड्यात शेजारच्या बायका मिळून नेवऱ्यांच्या (म्हणजे करंज्यांच्या) आणि लाडवांच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्यासाठी मी पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत एक छोटं पान करून दिलंय. जुन्या पावत्यांना साधे नंबर होते, यंदा बायकांनी टोकनं काढली, २ई३ म्हणजे दुसरा दिवस, ईव्हिनिंग, तिसरी ऑर्डर (ई इंग्रजीतला बरं का). चवथीच्या आदल्या संध्याकाळी एक जण २००० नंबरची पावती घेऊन आला, मी नंबर टाकला तर स्क्रीनवर भलत्याच बाईंचं नाव आणि पन्नास नेवऱ्या, आणि मी काही बोलायच्या आत मावशींनी डबा त्याच्या हातात दिलासुद्धा! अर्ध्या तासाने २ई३ वाली बाई हजर. मग जे ऐकून घेतलं ते छापण्यासारखं नाही.

रात्री दोन तास मी डेटाबेसलाच शिव्या घालत होतो, शेवटी वार डम्प मारून (म्हणजे आतली माहिती जशीच्या तशी छापून) बघितलं तर यादी एकदम ठीक, गडबड अ‍ॅरे सर्चमध्ये, म्हणजे यादीत शोधणाऱ्या फंक्शनमध्ये. ते नुसतं == ने, म्हणजे ढिलाईने, तुलना करतं, आणि दोन्हीकडे आकड्यासारखं काही दिसलं की आकडा म्हणूनच बघतं, २ई३ म्हणजे त्याच्या लेखी दोनावर तीन शून्यं, झाले की २०००! यादीत २ई३ आधी होतं म्हणून तेच हाती लागलं. मला वाटायचं २०२० ला पीएचपी ८ आलं तेव्हा हे सगळं मिटलं, पण तेव्हा शून्य आणि 'नेवरी' यांना सारखं मानणं तेवढं थांबलं, ही खोड तशीच राहिली.

उपाय सगळ्यांना माहीत असतो, सर्चमध्ये तिसऱ्या जागी ट्रू टाका, म्हणजे तुलना स्ट्रिक्ट होते, आकडा आणि मजकूर वेगळे धरते. टाकलं, तर २००० सापडेचना! कारण टोकनच मी अ‍ॅरेची की (म्हणजे जिच्यावरून नोंद काढायची ती खूण) केली होती, '२०००' अशी की पीएचपी गुपचूप पूर्णांक करून ठेवतं आणि फॉर्ममधून येते ती स्ट्रिंग (मजकूर), स्ट्रिक्टमध्ये दोघं एकमेकांना ओळख देत नाहीत. त्यात पहिली ऑर्डर कायम 'सापडली नाही', कारण तिची जागा शून्य, शून्याला इफची अट 'नाही' समजते, आणि मी तिथे !== फॉल्स लिहिलंच नव्हतं, हा माझाच आळस. शेवटी सर्चच काढून टाकलं आणि इसेट (ही की यादीत आहे का, एवढंच बघणारं) लावलं, एका ओळीत काम झालं, ते आधी का सुचलं नाही देव जाणे.

हे पेपरात कशाला, तर परवा एका ऑफिसात काउंटरवर एका म्हाताऱ्या काकांना 'सिस्टीममध्ये तुमचं नाव नाही, उद्या या' म्हणून परत पाठवलं, रजिस्टर उघडायची तसदीही घेतली नाही. काकांचं नाव खरंच नसेलही, पण माझ्या सिस्टीममध्ये २००० वाला माणूस नीट असूनही दोन दिवस सापडत नव्हता, आणि मावशींच्या लाल वहीत तो पाचव्या पानावर होता, वीस नेवऱ्या, ॲडव्हान्स दिलेला.

एक वाचक, फोंडा