बातमी कुठली, जाहिरात कुठली?

संपादकसाहेब, परवा सकाळी पेपर उघडला तर पहिली तीन पानं जाहिरातच, खरं पहिलं पान चौथं निघालं. ते एकवेळ चालेल हो, जाहिरात म्हणून कळते तरी. पण २००९ च्या विधानसभेला आपल्याच महाराष्ट्रात काय झालं ते आठवतंय ना, एकाच नेत्याच्या कौतुकाचा तोच लेख शब्दन् शब्द वेगवेगळ्या पेपरात बातमी म्हणून आला, कुठेही 'जाहिरात' असं लिहिलेलं नाही. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने अशा पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर २०१० मध्ये ७१ पानी रिपोर्ट केला, नावानिशी, तो कौन्सिलनेच दाबला आणि माहिती आयोगाने सांगितल्यावर २०११ मध्ये बाहेर आला.

आमच्या तालुक्यातला एक वार्ताहर ओळखीचा आहे, त्याला पगार नाही, मानधन नावालाच, मिळतं ते जाहिरातीवरचं कमिशन. आमदारांच्या वाढदिवसाच्या पुरवणीचं टार्गेट त्यालाच. आता त्याच आमदारांच्या रस्त्यातल्या खड्ड्यांची बातमी तो कुठल्या तोंडाने देणार? आणि हो, पेपरची किंमत दोन रुपये वाढवा, मी देईन (बायको कुरकुरेल), पण पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' एवढं ठळक छापा, त्या कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरात नको, माझा चष्मा आधीच जाड आहे.

- एक जुना वाचक