आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ऑनलाइन औषधविक्रेत्यांची ती यादी कुठे आहे?

मा. आरोग्यमंत्री,

सप्रेम नमस्कार.

परवानाधारक ऑनलाइन औषधविक्रेत्यांची यादी लवकरच जाहीर होईल, हे आश्वासन आम्हा फार्मासिस्टांना आता पाठ झालं आहे. यादी आली नाही. आली ती पुन्हा एक सूचना : ‘नागरिकांनी सावध राहावे.’ सावध राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल तिच्यात अवाक्षर नाही.

म्हणून ते आम्हीच लिहितो. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की लोक निर्धास्त होतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की मधल्या मध्ये तुमची माहिती कोणी वाचू शकत नाही. पलीकडे औषधविक्रेता बसलाय की भामटा, हे त्यावरून कळत नाही. पाहायचा तो परवाना क्रमांक, दुकानाचा पूर्ण पत्ता, फार्मासिस्टचं नाव आणि खरोखर लागणारा फोन. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक किंवा झोपेची गोळी देणारा तिथेच बाद. पाच प्रश्नांचा फॉर्म भरून घेऊन ‘चिठ्ठी आमचे डॉक्टर देतील’ म्हणणाराही बाद. पत्ता लपवणाऱ्या बेकायदा संकेतस्थळांवरची निम्म्याहून अधिक औषधं बनावट निघाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगून कितीतरी वर्षं झाली.

पण मंत्रिमहोदय, तो परवाना क्रमांक खरा की खोटा, हे रुग्णानं तपासायचं कुठे? युरोपीय संघात १ जुलै २०१५ पासून अशा विक्रेत्यांना एक समान चिन्ह लावावंच लागतं. त्यावर क्लिक केलं की त्या देशाच्या अधिकृत यादीतली विक्रेत्याची नोंद उघडते. कोणी नुसतं चित्र चिकटवलं असेल तर काही उघडत नाही, नाहीतर त्याच्याच संकेतस्थळाचं पान उघडतं. लबाडी जागीच उघडी पडते. एवढ्याशा कामाला किती समित्या लागतात?

बनावट औषध म्हणजे नुसती खडूची गोळी नव्हे. ताकदीच्या ‘वनौषधी’त सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडतं; छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्यानं इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. एकदा गोठलेलं तर फेकूनच द्यायचं. ते साध्या पाकिटातून उन्हातान्हात येतं, आणि दिसतं अगदी चांगल्यासारखंच. पार्सल आल्यावर खोक्यावरचा आणि स्ट्रिपवरचा बॅच क्रमांक, मुदत जुळवून पाहावी. जुळलं नाही तर गोळी घेऊ नये आणि फेकूही नये. तपासाला ती वेष्टनासकट लागते.

आमच्या दुकानात निरीक्षक येतात, रजिस्टर आणि फ्रिजचं तापमान बघतात. बघायलाच हवं. मग ज्याला दुकानच नाही, त्याच्याकडे कोण जातं? एक संकेतस्थळ बंद केलं की तोच माणूस दुसऱ्या नावानं उभा राहतो. त्याचे पैसे जमा होतात ते बँक खातं गोठवा, तिथे तो अडतो. हे आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक नाही, असं आम्ही मानत नाही. प्रत्येक सरकारी विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि तोवर रुग्ण ती गोळी गिळून बसलेला असतो.

पुढची सूचना काढण्याआधी ती यादी काढा, क्लिक करून तपासता येईल अशी.

आपले,
काही फार्मासिस्ट