अभ्यासिकेत पेपर वाचायला येणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
कृ. सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि गोल काळे करायची सवय लागलेल्या आम्हा पोरांवर तीन-तीन तास पेन चालवायची वेळ आली. क्लासवाल्यांनी काय केलं? फी वाढवली आणि ‘मॉडेल आन्सर’च्या पीडीएफ पाठवल्या. पैसे भरून तपासायला दिलेली उत्तरं परत यायची ती ‘गुड, प्रेझेंटेशन सुधारा’ एवढ्या शेऱ्यानिशी. कुणी वाचली होती की नाही, देव जाणे.

तुमचा-माझा काही संबंध नव्हता. तरी सहकारावरचं माझं उत्तर तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत. ‘सहकाराने ग्रामीण भागाला नवसंजीवनी दिली’ या वाक्यापाशी समासात बारीक अक्षरात लिहिलंत, ‘म्हणजे काय?’ खिशाला पेन होतं, तरी पेन्सिल मागून घेतलीत. ‘पटलं नाही तर खोडता येईल तुला,’ म्हणालात. क्लासमध्ये त्याच वाक्याला मार्क मिळत होते!

उत्तर पुन्हा लिहायला बसलो. हात सावकाश चालतो, तेवढ्यात डोकं मागचं काही शोधून आणतं. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आठवला, तो उभा करणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आठवले. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, ही गोष्ट तर पीडीएफमध्ये पिवळी करून ठेवलेली. पण तिचा अर्थ लागला तो लिहिताना. टाइप करताना मी नुसतं उतरवून काढतो. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रिन्स्टनच्या एका अभ्यासात असंच दिसलं होतं: लॅपटॉपवर नोट्स घेणारे व्याख्यान शब्दशः उतरवत होते आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडत होते. नंतरच्या प्रयोगांत हा फरक तितका ठळक आला नाही, हेही खरं. मला तो माझ्या वहीत दिसतो, मला तेवढं पुरे.

या शहरात सल्ला देणारे पैशाला पासरी मिळतात. अनोळखी पोराचं गिचमिड अक्षर चष्म्याजवळ धरून, काही न मागता, नीट वाचणारा माणूस मला तरी दुसरा भेटलेला नाही.

रविवारी दुष्काळावरचं उत्तर आणतोय. अक्षर थोडं सुधारलंय.

आपला,
खिडकीजवळच्या टेबलावरचा विद्यार्थी