हेल्मेट आहे, छातीचे काय?

महोदय,

शालेय सामन्यांत मी पंचगिरी करतो. फलंदाज खेळायला आला, की त्याच्या अंगावर काय आहे नि काय नाही, हे लगेच लक्षात येते. हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज सगळे जागच्या जागी. छातीवर मात्र नुसता शर्ट. विचारले की उत्तर ठरलेले, 'सर, चेस्ट गार्ड घातला की बॅट फिरत नाही.'

बॅट फिरत नाही, कारण गार्ड थोरल्या भावाचा असतो. तो बारा वर्षांच्या पोराच्या काखेत टोचणारच. शिवाय उजव्या फलंदाजाची डावी कूस गोलंदाजाकडे असते, डावखुऱ्याची उजवी. म्हणून एका बाजूच्या बरगड्या झाकणारा गार्ड दोघांना वेगवेगळा लागतो. डावखुऱ्या मुलाने डावी बाजू झाकून घेतलेली मी पाहिली आहे; त्यापेक्षा न घातलेला बरा! मापाचा गार्ड शर्टाच्या आत बसतो आणि चार षटकांत त्याचा विसर पडतो.

तेरा वर्षांखालच्या मुलांचा लेदरचा चेंडूही 133 ते 144 ग्रॅमचा असतो. मोठ्यांच्या कमरेला येणारा चेंडू या वयाच्या मुलांच्या थेट छातीवर येतो. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज याच्या मानेवर चेंडू बसून तो गेला, त्यानंतर हेल्मेटला मानेचे संरक्षण जोडण्याकडे लक्ष गेले. छातीसाठी कशाची वाट पाहायची?

गार्ड बरगड्या वाचवतो, हे खरे. पण त्याच्या भरवशावर निर्धास्त होऊ नये. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात काही मिलिसेकंदांचा असा क्षण असतो, की नेमका तेव्हा छातीवर मार बसला तर निरोगी हृदयाचीही लय बिघडते आणि ते बंद पडू शकते. डॉक्टर याला 'कमोशिओ कॉर्डिस' म्हणतात. मुलांची छाती लवचिक, त्यामुळे धोका त्यांना अधिक. साधा गार्ड घालूनही हे टळेलच असे नाही. मार लागलेला मुलगा दोन पावले चालून कोसळला आणि हाक मारून हलेना, तर तोंडावर पाणी मारत बसू नये. लगेच छाती दाबायला सुरुवात करावी आणि हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र मागवावे. नाणेफेकीआधी मी दोन्ही प्रशिक्षकांना विचारतो, 'हे कोणाला येते?' बहुतेक वेळा दोघेही एकमेकांकडे बघतात.

आयोजकांनी लेदर चेंडूच्या शालेय सामन्यांत फलंदाजाला चेस्ट गार्ड सक्तीचा करावा, आणि छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेतलेला एक तरी माणूस मैदानावर असल्याखेरीज सामना सुरू करू नये. असा नियम छापील असला, तर गार्ड नसलेल्या फलंदाजाला परत पाठवताना पंचाला पालकांशी हुज्जत घालावी लागणार नाही.

– एक पंच