रविवारची सफर : सांव जासिंत बेट (झुआरी नदी, गोवा)

होड्या सकाळी दहाला दोना पावलाहून सुटतील. दुपारचा वायव्येचा वारा जाताना पाठीशी असला तरी परतताना तो तोंडावर, त्यामुळे ओहोटीच्या ओढीचाच आधार. पाणी उतरू लागताच निघायचे. रेंगाळलात तर बेटाकाठच्या चिखलात रुताल.

धक्क्यावरची जागा मच्छीमारांची. त्यांच्या होड्यांना आपले दोर बांधू नका, वाळत घातलेली जाळी तुडवू नका. फोटो विचारूनच. जाळ्यांचे बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) दिसले की लांबून वळसा घ्या, सुकाणूत दोर अडकला तर नुकसान दोघांचे. बेटाजवळच्या चिखली खाडीतले मेंज, म्हणजे जुन्या गोमंतकीय खिडक्यांना लावत ते पातळ शिंपले, कायद्याने संरक्षित आहेत. कितीही सुंदर दिसले तरी वेचू नयेत.

लाइफ जॅकेट नसेल त्याला होडीत घेणार नाही. पाणी प्रत्येकाने आपापले आणावे.