रसदीची बातमीही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शुभांशु शुक्ला २०२५च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी सोबत नेलेल्या गाजर हलव्याची, मुगाच्या हलव्याची आणि आमरसाची बातमी सगळीकडे आली. वाचून ऊर भरून आला. पण मी अठ्ठावीस वर्षं लष्कराच्या पुरवठा शाखेत काढलेला माणूस. माझ्या मनात लगेच आलं, हलवा पाहुण्याने नेला, पण तिथल्या माणसांचं रोजचं जेवण, कपडे, यंत्रांचे सुटे भाग कोण पोचवतं? ते काम बहुतेक बिनमाणसांची मालवाहू यानं करतात. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार थोडं छापून येतं, म्हणून हे पत्र.

अशी पहिली खेप २० जानेवारी १९७८ रोजी निघाली. सोव्हिएत रशियाचं प्रोग्रेस-१ हे मालवाहू यान सॅल्यूत-६ या अंतराळ स्थानकाला आपोआप जाऊन जोडलं गेलं. स्थानकात रोमानेन्को आणि ग्रेच्को हे दोन अंतराळवीर होते. यानात सुमारे २.३ टन माल होता, त्यात जवळजवळ एक टन इंधन. ते नळ्यांमधून थेट स्थानकाच्या टाक्यांत भरलं गेलं. त्या बळावर दोघे ९६ दिवस वर राहिले, तोवर कुणी इतकं राहिलं नव्हतं. माल उतरवला की त्याच यानात कचरा भरायचा आणि ते परतताना वातावरणात जळून जायचं, ही रीत आजही चालू आहे. १९८४ साली आपले राकेश शर्मा ४ एप्रिलला सॅल्यूत-७ स्थानकावर पोचले. त्याआधी चारच दिवस, ३१ मार्चला, प्रोग्रेस-१९ तिथून सुटलं होतं आणि शर्मांचं सोयुझ यान त्याच मोकळ्या झालेल्या जागी लागलं.

या यानांतून घरची पत्रंही जात. हे वाचलं तेव्हा मी थांबलो. लडाखमध्ये एका हिवाळ्यात हवामानामुळे आमच्या वरच्या पोस्टला कितीतरी दिवस हेलिकॉप्टर गेलं नव्हतं. वायरलेसवर मी विचारलं, आधी काय पाठवू? मला वाटलं होतं रॉकेल मागतील. पोरं म्हणाली, "साब, डाक."

आणखी एक गोष्ट सांगतो. एकदा एका जेरीकॅनच्या झाकणाचा रबरी वायसर खराब निघाला. रॉकेल पाझरलं आणि खालची आट्याची पोती गेली. रस्ता बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. वायसर चार आण्यांचा. २८ जून २०१५ला अमेरिकेचं ड्रॅगन हे मालवाहू यान नेणारं रॉकेट उड्डाणानंतर अडीच मिनिटांच्या आतच फुटलं, तेही त्याच्या टाकीतली हेलियमची बाटली धरून ठेवणारी एक कांब तुटल्यामुळे. त्याआधी २८ ऑक्टोबर २०१४ला अमेरिकेचंच सिग्नस हे मालवाहू यान उड्डाणानंतर काही सेकंदांत गेलं होतं आणि एप्रिल २०१५मध्ये सुटलेलं रशियाचं प्रोग्रेस कक्षेत गरगरत राहून मे महिन्यात जळालं होतं. आठ महिन्यांत तीन खेपा बुडाल्या. तरी वरच्या माणसांना उपाशी राहावं लागलं नाही, कारण काही महिन्यांचा साठा होता आणि वाटा अनेक होत्या. जुलैत दुसरं प्रोग्रेस पोचलं, ऑगस्टमध्ये जपानचं कोउनोतोरी. सिग्नसवाल्यांनी तर आपलं रॉकेट बंद असताना दुसऱ्याचं ॲटलस घेऊन डिसेंबरात माल पाठवला. पोस्ट राखायची तर एका वाटेवर विसंबून चालत नाही. जोजीला खिंड बंद झाली की मनालीची वाट, तीही बंद झाली की विमान, हे आम्ही रोज जगलो आहोत.

चीनची रीतही पाहण्यासारखी आहे. त्यांनी २०१७ सालीच त्यान्चौ-१ हे मालवाहू यान पाठवून कक्षेत इंधन भरून पाहिलं. त्यांच्या स्थानकाचा मुख्य भाग गेला २९ एप्रिल २०२१ला, मग २९ मेला त्यान्चौ-२ माल घेऊन गेलं आणि माणसं त्यानंतर, १७ जूनला. आधी राशन, मग जवान. कोणताही पुरवठ्याचा सुभेदार हेच सांगेल.

आता आपलं. भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २०२८ पर्यंत आणि संपूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असं सरकारने जाहीर केलं आहे. स्पेडेक्स मोहिमेत १६ जानेवारी २०२५ला आपली दोन छोटी यानं कक्षेत जोडली गेली, तेव्हा मी एकट्याने टाळ्या वाजवल्या. त्याहून जास्त मला आधीचा आठवडा आवडला. ८ तारखेला यानांचं सरकणं अपेक्षेपेक्षा जास्त निघालं, तर ९ तारखेची जोडणी पुढे ढकलली. १२ तारखेला तीन मीटरवर आणून पुन्हा मागे घेतलं. भरलेला ट्रक मागे घेताना घाई न करणारा ड्रायव्हरच मला भरवशाचा वाटतो. बिनमाणसाच्या मालवाहू यानाला हीच विद्या लागते.

म्हणून विनंती अशी, की आपल्या विज्ञान प्रतिनिधीने इस्रोला एकदा नीट विचारावं: आपल्या स्थानकाला माल नेणारं यान आपलं असेल का, एका खेपेत किती टन जाईल, वर किती दिवसांचा साठा राहील आणि पहिली वाट बंद पडली तर दुसरी कोणती? उत्तरं येतील ती पहिल्या पानावर नसली तरी चालेल, आतल्या पानावर छापा. मी कात्रण ठेवीन.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, आर्मी सर्व्हिस कोअर
ता. कोरेगाव, जि. सातारा