मोटर बदलायच्या आधी स्प्रिंग बघ

नेपरव्हिल, इलिनॉय
१२ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गॅरेजचं दार हल्ली वीतभर उघडून अडकतं, मोटर बदलावी लागणार, असं तू फोन ठेवता ठेवता म्हणालास. तेव्हापासून मला चैन नाही. मोटरवर इतक्यात पैसे घालू नकोस. आधी स्प्रिंग बघ.

दोन गाड्यांचं दार ७०-८० किलो सहज भरतं. ते वजन स्प्रिंग तोलते, मोटर नुसती ओढते. स्प्रिंग थकली तरी मोटर रेटत राहते, आणि खरं दुखणं कळेपर्यंत तिचे गिअर झिजलेले असतात.

दार पूर्ण बंद असताना मोटरजवळ लोंबणारी लाल दोरी ओढ, म्हणजे दार मोटरपासून सुटेल. मग दार हाताने कमरेपर्यंत उचल आणि हात न काढता पकड सैल कर. खाली पाय ठेवू नकोस. दार जागच्या जागी राहिलं तर चिंता नाही. खाली यायला लागलं, किंवा उचलतानाच घाम फुटला, तर स्प्रिंग गेली. दार उघडं असताना मात्र त्या दोरीला अजिबात हात लावू नकोस, स्प्रिंग तुटलेली असेल तर दार धाडकन खाली येतं.

मग टॉर्च घेऊन दाराच्या वरच्या आडव्या दांड्यावरची स्प्रिंग नीट बघ. वेटोळी एकमेकांना लागून हवीत. मध्येच दोन बोटं जातील एवढी फट दिसली, की तुटलीच. काही घरांत स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या रुळांलगत असतात. तिथे एक गेली की दार तिरकं चढतं.

साधी स्प्रिंग साधारण १०,००० उघडझापींसाठी बनवलेली असते. दिवसाला चार धरल्या तर सात वर्षंही पुरत नाही. तुझं घर जुनं, आणि आता थंडीही सुरू झाली. कडाक्याच्या थंडीत स्प्रिंगा जास्त तुटतात.

काका येताहेत ना पुढच्या आठवड्यात? हाताशी पाना दिसला की त्यांना राहवत नाही, म्हणून त्यांना आधीच निक्षून सांग. त्या स्प्रिंगेत प्रचंड ताण भरलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर घालून सोडवायला गेलं तर मनगट मोडतं, डोळाही जाऊ शकतो. हे काम माहीतगार माणसाचंच. एक तुटली असली तरी दोन्ही बदलून घे, दुसरीचंही वय तेवढंच झालेलं असतं. तोवर मोटरचं बटण कुणी दाबू नका, गाडी बाहेरच राहू दे.

बघितलंस की लगेच फोन कर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश